पंच क्रमांक दोन

५ जानेवारी, रविवार

वाचनालयात या महिन्याचं पुस्तक मिळालं. ‘दोन नंबरची डायरी’. पोलीस ठाण्यातल्या भ्रष्टाचारावरची रहस्यकथा आहे. लेखक पुण्याचा, पहिलंच पुस्तक. आम्ही चौदा जणी आणि प्रती तीन, त्यामुळे चार दिवसांत वाचून पुढचीला द्यायचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अभिप्राय.

अभिप्रायाची पद्धत महेश्वरीताईंनी घालून दिली आहे. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. प्रत्येकीने चिठ्ठी लिहायची, खाली नाव घालायचं नाही, चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची. मग एकेकीने हात घालून जी लागेल ती मोठ्याने वाचायची. वाचून झाल्या की ताई त्या रजिस्टरात चिकटवतात. नाव असलं की बायका एकमेकींना बरं वाटेल तेवढंच लिहितात, असं त्यांचं म्हणणं.

मला ही पद्धत सोयीची आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी वाचायला मी चहाच्या गाड्यावर शिकले, रद्दीच्या कागदांवरून. भजी बांधायच्या आधी कागद वाचायचा. हे चिडायचे. म्हणायचे, गिऱ्हाईक उभं आहे आणि तू बातमी संपवतेस. पण पुढे रद्दीवाल्याकडून जुनी पुस्तकं तेच आणू लागले. हे गेले त्याला एप्रिलमध्ये चार वर्षं होतील.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी कडक भाकऱ्यांची ऑर्डर पोचवून आले आणि दुपारपर्यंत पुस्तक वाचलं. पकड घेतं. इन्स्पेक्टर पैसे खातो, एका निरपराध मुलाला अडकवतो, नवीन आलेली बाई फौजदार त्याच्या मागावर लागते.

एकशे बाराव्या पानावर तुळशा नावाचा चहावाला येतो. त्याचा गाडा ठाण्यासमोर आहे. छापा पडला, काही जप्त केलं की पोलिसांना पंचनाम्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यांना पंच म्हणतात. हा तुळशा प्रत्येक पंचनाम्यावर पंच. जागेवर न जाता, गाड्यावर बसून, बशीतला चहा फुंकत सही करतो. इन्स्पेक्टर त्याला ‘आमचा रबरी शिक्का’ म्हणतो. दोन पानांत लेखकाने त्याची भरपूर चेष्टा केली आहे आणि पुढे त्याला विसरून गेला आहे.

मला संताप आला. आमचाही गाडा बावीस वर्षं ठाण्यासमोर होता. यांनाही पंच म्हणून बोलवत. एखादी बाई आरोपी असली तर मलाही. त्यात चेष्टा करण्यासारखं काय आहे? नागरिकांनीच पुढे व्हायचं नाही तर कुणी? हे साधे होते, भोळे होते. कुणी काम सांगितलं तर नाही म्हणता येत नसे.

अभिप्रायाचा कच्चा मजकूर लगेच लिहून ठेवला: ‘लेखकाने पुण्यात खोलीत बसून पुस्तक लिहिले आहे. पोलीस ठाणे जवळून पाहिलेले दिसत नाही. पंचाचे काम हे जबाबदारीचे असते. गरीब माणसाची थट्टा करून पुस्तक खपवणे बरे नव्हे.’

लिहून बरं वाटलं.

११ जानेवारी, शनिवार

कोर्टाचं समन्स आलं. दाक्षायणी मल्लिनाथ कलशेट्टी, पंच क्रमांक दोन. सहा फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता हजर राहायचं.

समन्स घेऊन आलेल्या शिपायाला विचारलं, कुठली केस? तो म्हणाला, मावशी, मला काय ठाऊक, मी नुसता कागद देतो. कागदावर आरोपीचं नाव आहे. नागम्मा. ओळखीचं वाटेना. मग साल बघितलं. २०१७.

आरोपीचं नाव ओळखीचं वाटलं नाही, हे दिवसभर डोक्यातून जात नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचा बंदोबस्त संपल्यावर आज बिरदेव हवालदार आले. आता ते सहायक फौजदार आहेत, पण माझ्या तोंडात हवालदारच बसलंय. दोन वर्षांत निवृत्त होतील. यांच्या फोटोला हात जोडले, खाली बसले, शेंगाची चटणी आणि भाकरी खाल्ली. पंचनाम्याची झेरॉक्स आणली होती.

कुणाकडे कामाला असलेल्या नागम्माने मालकिणीच्या पाटल्या चोरल्या, त्या तिच्या घरातून जप्त केल्या, अशी केस आहे. पहिले पंच आमचे हे. ते गेले. दुसरी मी.

“पाठ करायची गरज न्हाय, वहिनी. नुस्तं दोन बार वाचून ठेवा की. सरकारी वकील इचारतील, सही तुमचीच का? व्हय म्हणायचं. मजकूर बरोबर हाय का? बरोबर हाय. दहा मिनिटांचं काम.” मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “मल्लूअण्णा असते तर तुमाला तरास दिला नसता. आता सगळी केस तुमच्या एका सहीवर हाय.”

मी विचारलं, ती बाई आता काय करते? ते म्हणाले, जामिनावर आहे, तारखांना येते बिचारी. ‘बिचारी’ ते सहज म्हणाले.

जाताना यांच्या शेवटच्या दिवसांचा विषय निघाला. कोरोनात कुठेच खाट मिळत नव्हती तेव्हा बिरदेव हवालदारांनी वर्दी घालून तीन दवाखाने पालथे घातले आणि यांना ऑक्सिजनची खाट मिळवून दिली. अकरा दिवस. मी ते कधी विसरले नाही. त्यांनी आज त्याची आठवणही काढली नाही, फक्त म्हणाले, अण्णांनी लई सोसलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मला त्यांच्याबद्दल काय वाटेल ते सांगता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

झेरॉक्स वाचली. तीन पानं.

‘आज दिनांक ३० मे २०१७ रोजी सकाळी ११.३० वाजता आम्ही पंच यांना पोलिसांनी बोलावल्यावरून आम्ही आरोपी महिलेच्या राहत्या घरी समक्ष हजर राहिलो... आरोपी महिलेने स्वखुशीने ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन सोन्याच्या पाटल्या काढून आम्हा पंचांसमक्ष हजर केल्या... पंचनामा १३.१५ वाजता संपला.’

खाली यांची सही. तिच्या शेजारी माझी.

तीस मे. आमच्या मुलाचा, बसवेशचा बारावीचा निकाल त्या दिवशी होता. ती तारीख मी कशी विसरेन? एक वाजता निकाल लागणार म्हणून सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. मी गाडा सोडून कुठेही गेले नव्हते. लाल चुडीदार घातलेली एक मुलगी दर दहा मिनिटांनी मोबाइलवर बघून मला सांगत होती, अजून नाही हो काकू.

आणि ठाण्याच्या व्हरांड्यात, बाकावर, एक बाई बसलेली होती. दहा वाजल्यापासून. हवालदारांनी आत चार चहा सांगितले होते. मी पाच नेले आणि पाचवा तिला दिला. तिने दोन्ही हातांनी ग्लास धरला. मी कानडीत विचारलं, काय झालं? तिने नुसती मान हलवली. निकाल लागल्यावर सगळ्या ठाण्याला पेढे वाटले. तिलाही दिला. तिने खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधला. म्हणाली, मुलीला होईल.

साडेअकरा ते सव्वा. पंचनाम्याप्रमाणे त्या वेळी ती घरी ज्वारीच्या डब्यात हात घालत होती, आणि मी बघत होते.

मी तिला चहा देत होते.

२० जानेवारी, सोमवार

भाकऱ्या करपल्या. दोन पुन्हा केल्या.

२२ जानेवारी, बुधवार

बसवेशला फोनवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, अव्वा, तिने चोरी केलीच नाही असं तुला माहीत आहे का? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. चोरल्या असतील, नसतील. मला एवढंच माहीत आहे की मी तिथं नव्हते आणि तीही नव्हती.

तो म्हणाला, “मग आठवत नाही म्हण. आठ वर्षं होत आली, कोण आठवतंय? सही माझी आहे, बाकी आठवत नाही. ना खोटं, ना खरं. अप्पांचं नाव राहील, हवालदार काकांचीही अडचण नाही.”

मुलगा हुशार आहे. पुण्यात त्याची सोयरीक बघणं चालू आहे. आई कोर्टात फितूर झाली असं कुणी कानावर घातलं तर, असं तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

आठवत नाही. किती सोपं आहे. दिवसभर घरात मोठ्याने म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज अगदी खरा वाटला, तेव्हा थांबले.

२७ जानेवारी, सोमवार

पुस्तक कधीच पुढचीला दिलंय, पण आज वाचनालयात दुसरी प्रत कपाटात दिसली. तिथेच उभी राहून एकशे बारावं पान पुन्हा वाचलं. मला राग कशाचा आला होता ते शोधत होते. लेखकाने लिहिलंय की तुळशा सही करताना कागदाकडे बघत नाही. तेवढंच चुकलंय. बाकी बशीसकट बरोबर आहे.

आमच्या गाड्याला महापालिकेने कधी हात लावला नाही. त्या रस्त्यावरचे सगळे गाडे अतिक्रमणात उचलले, दोन वेळा. आमचा राहिला. हे म्हणायचे, देवाची कृपा. मीही तसंच म्हणायचे, आणि अमावास्येला नारळ फोडायचे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज अभिप्राय झाले. मी कच्चा मजकूर होता तोच चिठ्ठीवर उतरवून नेला. दुसरं लिहायला बसले होते, पण हात वळला नाही. मनाशी म्हटलं, नाव थोडंच आहे.

सुरुवातीला हशा झाला. एकीने लिहिलं होतं, पुस्तकात शिव्या इतक्या आहेत की सासऱ्यांनी हातात घेतल्यावर मी गॅस बंद करायचं निमित्त करून आत पळाले. एकीचं म्हणणं, शेवटी इन्स्पेक्टरला बेड्या पडतात इथे लेखक थकला असावा, आमच्या सोलापुरात गटारीची तक्रारसुद्धा इतक्या लवकर मार्गी लागत नाही. एकीला बाई फौजदार आवडली, पण ती डबा कधी बनवते ते लेखकाने सांगितलं नाही, अशी तिची तक्रार होती. त्यावर ताई म्हणाल्या, पुरुष फौजदाराला असं कुणी विचारलं असतं का? पुन्हा हशा.

माझी चिठ्ठी उत्कर्षाच्या हाताला लागली. ती बँकेत आहे, आवाज खणखणीत. ‘गरीब माणसाची थट्टा करून पुस्तक खपवणे बरे नव्हे’ यावर टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, ही माहीतगार दिसते, हिच्या घरात खाकी आहे वाटतं. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मीही बघितलं, दुसऱ्या बायकांकडे. जणू मलाही शोधायचंय.

मग माझी पाळी. मी हात घातला. तिरप्या, दाट अक्षरातली चिठ्ठी आली. ती वाचून झाल्यावर मी जवळ ठेवून घेतली नाही, पण शब्द लक्षात आहेत, तसेच लिहिते:

‘इन्स्पेक्टर वाईट आहे हे पहिल्या पानापासून कळते. त्याला सगळे ओळखून असतात. मला भीती वाटली ती तुळशाची. त्याला कुणी मारले नाही, धमकावले नाही. त्याने सही केली, गाडा आवरला आणि घरी जाऊन जेवला. लेखकाने त्याला विनोदी केले म्हणून मी पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा विचार आला, त्याच्या घरी त्याला कुणी विचारले नसेल का, आज कुठल्या कागदावर सही केलीस?’

वाचताना ‘घरी जाऊन जेवला’ इथे मी अडखळले, तीच ओळ पुन्हा वाचली. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, दाक्षायणीबाई, सावकाश. मी उरलेलं वाचलं. टाळ्या पडल्या नाहीत. एकजण म्हणाली, एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, चहावाला तो.

३ फेब्रुवारी, सोमवार

मी जेवले होते. निकालाचा दिवस म्हणून पुरण घातलं होतं. हे तीन पोळ्या खाऊन म्हणाले, मुलगा इंजिनियर झाला की गाडा बंद. आम्ही तिघं होतो. माझ्या आयुष्यातला एक चांगला दिवस म्हणून मी तो जपून ठेवला होता.

आजपर्यंत मनाला सांगत आले की आम्ही वाचत नव्हतो. हवालदार कागद पुढे करायचे, आम्ही सही करायचो. यांच्या बाबतीत ते खरंही असेल, यांना वाचायचा कंटाळा. पण मी वाचायची. मला दिसेल तो कागद वाचायची खोड होती, भज्याचा कागदसुद्धा मी सोडत नव्हते, मग पोलिसांचा कसा सोडेन? त्या दिवशी चार वाजता हवालदार कागद घेऊन आले. मी पहिलं पान वाचलं. साडेअकरा वाचलं. ‘राहत्या घरी’ वाचलं. मान वर करून यांच्याकडे बघितलं. हे ग्लास विसळत होते. म्हणाले, वाचायचं काम साहेबांचं, आपलं सहीचं.

म्हणजे हे भोळे नव्हते. माझ्याकडे न बघता बोलले होते. भोळा माणूस बघून बोलतो.

आणि मी का केली? गाडा उचलतील म्हणून, असं कोर्टात सांगता येईल. ते खोटं नाही. पण सगळं खरंही नाही. मला सही करायला आवडायचं. सदतीसाव्या वर्षी, एका पाठकोऱ्या कॅलेंडरवर गिरवून गिरवून मी पूर्ण नावाची सही बसवली होती. ती करायला जागा नव्हती. बँकेचं खातं यांच्या नावावर, रेशनकार्ड यांचं, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही यांची. माझी सही पहिल्यांदा मागितली ती हवालदारांनी. आणि म्हणाले होते, “बघा की, वहिनींची सही कशी मास्तरीणबाईसारखी.” मी लाजले होते. मला पुन्हा कधी बोलावतात याची वाट बघायची मी.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हवालदारांचा फोन आला. उद्या साडेदहाला कोर्टाच्या दारात भेटतो म्हणाले. मी सांगितलं, हवालदार, मी त्या घरी गेले नव्हते. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, वहिनी, कुठलाच पंच जात नाही, सगळ्या केसेस अशाच चालतात, माल खराच सापडला होता. मी विचारलं, तुम्ही होतात का तिथं? ते म्हणाले, मी ठाण्यात होतो, साहेब म्हणाले तसं लिहिलं.

म्हणजे तेही नव्हते. लिहिणारा नव्हता, सही करणारे नव्हते, जिच्या घरात सापडलं तीही नव्हती.

शेवटी म्हणाले, “माझी दोन वर्षं राहिली हायत, वहिनी. अण्णांसाठी म्या काय केलं ते काढणार न्हाय. पण तुमी बघा.” फोन ठेवला. काढणार नाही म्हणून काढलंच. पण त्यांचा राग येईना. त्या अकरा दिवसांत यांचा श्वास चालू होता तो खरा होता. तो ज्याने मिळवून दिला त्याला मी उद्या तोंडावर पाडणार की नाही, हे यांच्या फोटोला विचारलं. नेहमी विचारते तसंच. आज पहिल्यांदा उत्तर काय येणार ते आधीच ठाऊक होतं, म्हणून फोटोसमोरून उठले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन वाजता घरी आले. पोटात काही नाही, पण आधी लिहिते.

हवालदार दारात होते. त्यांनी नमस्कार केला. नागम्मा मागच्या बाकावर होती. मी तिला ओळखलं नसतं. केस गेले आहेत, बारीक झाली आहे. शेजारी विशीतली एक मुलगी. ती मुलगी दरवेळी आईचं नाव पुकारलं की आधी स्वतः उठते, मग आईला उठवते. इतक्या तारखांची सवय.

न्यायाधीश बाई आहेत, तरुण. माझं नाव पुकारलं. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी सही दाखवली, तुमची का? हो. मग विचारलं, त्या दिवशी तुम्ही आरोपीच्या घरी हजर होतात?

त्या वेळी तोंडात तिन्ही उत्तरं होती. हवालदारांचं, बसवेशचं आणि तिसरं. ‘आठवत नाही’ अगदी जिभेवर आलं होतं, घरी घोटलेलं. मागे ती मुलगी उगाचच उभी राहिली होती, कुणीतरी तिला बस म्हणालं.

मी म्हटलं, नाही. मी माझ्या चहाच्या गाड्यावर होते. ही बाई ठाण्याच्या बाकावर होती. मी तिला चहा दिला.

वकिलांनी दोनदा तोच प्रश्न विचारला. मग न्यायाधीशांना म्हणाले की साक्षीदार फितूर झाली आहे. तसंच लिहून घेतलं. फितूर. इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द वाचला होता, किल्ल्याचा दरवाजा उघडून देणाऱ्यांसाठी. मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. आरोपीकडून मला काही मिळालंय का? आठ वर्षं गप्प का होतात? मजकूर न वाचता सही केली का?

हा प्रश्न आला तेव्हा सुटका समोर होती. हो म्हटलं असतं की मी अडाणी बाई ठरले असते. न्यायाधीश बाईंच्या चेहऱ्यावरही तेच होतं, बिचारी.

“वाचून केली,” मी म्हटलं. “मला वाचता येत होतं. खोटं आहे हे कळत होतं. तरी केली. पहिली सही माझ्या मालकांची आहे, तेही तिथं नव्हते. ते आता नाहीत, म्हणून त्यांचंही मीच सांगते.”

न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात आता बिचारी नव्हतं. म्हणाल्या, याचे परिणाम तुमच्यावर होऊ शकतात, माहीत आहे ना? हो म्हटलं.

बाहेर आले तर हवालदार गेले होते. त्यांनी पाण्याची बाटली आणली होती माझ्यासाठी, ती बाकावर तशीच होती.

मला वाटलं होतं, नागम्मा काही बोलणार नाही, किंवा शिव्या देईल. दोन्हीची तयारी होती. ती जिना उतरताना थांबली. मुलगी तिचा हात ओढत होती, चल म्हणून. ती माझ्याकडे बघत कानडीत म्हणाली, “इन्ना एष्ट मंदी?”

अजून किती माणसं?

रागाने नाही विचारलं. बाजारात एखादीने विचारावं तसं. मी म्हटलं, माहीत नाही. तिने मान हलवली, त्या दिवशी बाकावर हलवली होती तशी नव्हे, कळलं अशा अर्थाने, आणि खाली उतरून गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

बसवेशचा फोन आला नाही. मीच केला. बोलला, पण जेवलीस का एवढंच विचारलं. त्याला वेळ लागेल. लागू दे.

दुपारी वाचनालयात जाऊन महेश्वरीताईंना सगळं सांगितलं. टाळ्या पडलेली ती चिठ्ठी माझी होती, हेही. रजिस्टरातून काढून टाका म्हटलं. त्या म्हणाल्या, चिकटवलेली चिठ्ठी काढत नाही आपण, हवं तर खाली दुसरी लिहा. मग पुष्कळ वेळ रजिस्टराच्या कडा सारख्या करत बसल्या. निघताना मी नेहमीसारखं ‘येते’ म्हटलं तर त्यांनी ‘या’ म्हणायला थोडा उशीर केला. तिरप्या अक्षरातली ती चिठ्ठी त्यांचीच असावी.

घरी येऊन दुसरा अभिप्राय लिहायला कागद घेतला. पण पुस्तकाबद्दल काही सुचेना. नागम्माचा प्रश्नच पुढे येऊ लागला. मग त्याच कागदावर आठवेल ते लिहू लागले. पंच म्हणून माझी सही कुठे कुठे झाली. एक दारूची केस, हिवाळा होता, कागदावर पाणी सांडलं होतं. एका लॉजवरच्या दोन मुलींची. एका म्हातारीची, जिच्या पिशवीत काय सापडलं ते आठवत नाही, पिशवी आठवते, दोन्ही बाजूंना मोर असलेली. कुठे ऋतू आठवतो, कुठे हवालदाराचा पेन. असं करत संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या.

नऊ सह्या. त्यापुढे नावं लिहायला जागा सोडली आहे. एकच भरली. बाकीच्या आठ कागदांवरची नावं तेव्हाही मी वाचली नव्हती. मी वाचत होते ती वेळ, तारीख, आणि शेवटी जिथे माझं नाव येतं ती ओळ.